कुत्र्यांना अहो म्हणणारे तात्या

तात्या मयेकरांनी उभ्या आयुष्यात कुठल्या कुत्र्याला 'अरे' म्हटलं नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. सकाळी आठच्या सुमाराला त्याच्या मागच्या अंगाने आवाज यायचा, "उठा कप्तानसाहेब. सारंग, तुमीपण उठा. लोकांच्या न्याहाऱ्या झाल्या, नि तुमचे डोळे अजून मिटलेलेच?" नव्या माणसाला वाटायचं, मागच्या खोल्यांत कुणी बडे पाहुणे उतरलेत. जाऊन बघावं तर जाळीच्या आत सहा गावठी कुत्री शेपट्या हलवत उभी, आणि त्यांच्यापुढे अर्धी खाकी चड्डी, पांढराशुभ्र सदरा आणि खांद्यावर पंचा अशा थाटात तात्या.

आमच्या कारखान्यात कुत्र्यांचं खाणं तयार होतं आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत काम करते. हे सांगितलं की माझ्या माहेरचे लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" तर ते असं. कुत्र्याच्या खाण्यात प्रथिनं लागतात. ती आम्ही मासळीच्या कुटीतून घ्यायचो, म्हणजे सुकवून दळलेल्या मासळीतून. पुढे बंदरावर कुटीची मासळी कमी यायला लागली, येईल ती दुसरेच लोक उचलायला लागले, आणि आमच्या साहेबांनी ठरवलं की आता मासळीला पर्याय शोधायचा. सोयाबीन म्हणू नका, कुळीथ म्हणू नका, फणसाच्या आठळ्या म्हणू नका. ते कुत्र्याच्या पोटाला चालेल का हे मी बाटल्या-नळ्यांतून सांगायचं, आणि कुत्रा ते तोंडात घेईल का हे कुत्र्यालाच विचारायचं. त्या विचारण्यासाठी ही सहा कुत्री ठेवली होती, आणि त्यांना सांभाळायला तात्यांना.

तात्यांची हयात मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून गेली. मिऱ्याला घर, बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन कल्याणला. बोटीवरून कायमचे उतरल्यावर दोन महिने घरी बसले आणि तिसऱ्या महिन्यात आमच्या गेटवर येऊन उभे राहिले. "माणसांना रांधून वाढून झालं. आता ह्यांना वाढतो," म्हणाले. कुत्र्यांना नावं त्यांनीच दिली, तीही जहाजावरच्या हुद्द्यांची. कप्तान, सारंग, तांडेल, सुखाणी. सुखाणी म्हणजे जहाजाचं चाक धरणारा. दोन माद्या होत्या, त्यांना जहाजावर हुद्दा सापडेना, म्हणून त्या मोठी बाय आणि धाकटी बाय. चार लोकांत तात्या मला म्याडम म्हणायचे आणि एरवी बाय. मी एकदा चिडवायला विचारलं, "तात्या, मग मी कितवी बाय?" ताटली पुसता पुसता मान वर न करता म्हणाले, "तू मधली."

माणूस स्वच्छ, तो कुठवर? कुत्र्यांच्या खोलीत शिरण्याआधी कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, नखं ब्रशने घासायचे, मग पंच्याला हात न लावता ते हवेत धरून वाळवायचे. "जहाजावर स्वयंपाक्याचा हात घाण असला तर अख्खी बोट आडवी होते," असं आम्हाला दहादा ऐकवलेलं. आमच्या पॅकिंगच्या बायका त्यांना बघून हात धुवायला लागल्या. साहेबांनी भिंतीवर लावलेल्या सूचनांचा तेवढा उपयोग कधी झाला नव्हता.

पण तात्यांचा खरा नेम वेगळा होता. कुठलंही नवं खाणं कुत्र्यांपुढे ठेवण्याआधी ते स्वतः खाऊन बघत. साहेबांनी एकदा पाहिलं आणि ओरडले. तेव्हापासून तात्या भिंतीकडे तोंड करून खायला लागले, एवढाच फरक पडला. मी समजावायला गेले तर म्हणाले, "बाय, जे मी खाल्लं नाय ते दुसऱ्याला वाढू कसा? बोटीवर कप्तानाच्या आधी पण मीच खायचो." चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. सोयाबीनला म्हणाले, "पुठ्ठा." आठळ्यांच्या पिठाला म्हणाले, "ह्ये ह्यांना कशाला? मला द्या." यंत्रावर चार तास घालवून मी जे शोधायची, त्यातलं निम्मं या माणसाला जिभेवर कळायचं, याचा मला सुरुवातीला राग यायचा हेही सांगून टाकते.

कुळथाची तऱ्हा तर ऐकण्यासारखी. कुत्र्यांनी कुळथाचं खाणं चाटूनपुसून खाल्लं, मी खूश, साहेब त्याहून खूश. तिसऱ्या दिवशी साहेब पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन मागे आले. तात्या लगबगीने पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "सायेब, पावण्यांना जरा वाऱ्याच्या ह्या अंगाला उभे करा. दुपारपासून कुळीथ बोलायला लागलेत." पाहुण्यांना कळायला फार वेळ लागला नाही. कुळीथ त्याच संध्याकाळी यादीतून गेला.

मग आल्या अळ्या. एका जातीच्या काळ्या माशीच्या अळ्या भाजीबाजारातल्या टाकाऊ मालावर वाढवतात, वाळवतात आणि दळतात. प्रथिनं भरपूर, जागा थोडी, वासही फार नाही. कागदावर तर सोनंच. पोतं आलं तो वार नेमका शनिवार, आणि शनिवारी तात्या मच्छी-मटण खात नसत. मूठभर पीठ हातात घेऊन ते माझ्याकडे आले. "बाय, ही अळी जन्मभर भाजीच खाऊन वाढली ना? मग शनवारी चालंल काय?" मी म्हटलं, मला नाही माहीत, तुमचं तुम्ही ठरवा. त्यांनी बराच विचार केला आणि पीठ परत पोत्यात टाकलं. "जिला तोंड हाय ती मच्छीच." त्यांनी खाल्लं नाही म्हणून कुत्र्यांनाही नाही. आमच्या सगळ्या चाचण्या यामुळेच सोमवार ते शुक्रवार चालत. साहेब बाहेरच्यांना सांगत, मधे दोन दिवस जिभेला विश्रांती देणं ही आमची शास्त्रीय पद्धत आहे, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवायची.

सोमवारी त्यांनी अळीचं पीठ खाल्लं. "खमंग हाय. पण माझ्यासाठी खमंग. ह्यांना मासळीची सवय. ह्ये नाक फिरवतील बघ."

चाचणी साधी असते. प्रत्येक कुत्र्यापुढे दोन ताटल्या एकदम ठेवायच्या, एकीत जुनं खाणं, दुसरीत नवं. नाक आधी कुठे गेलं ते लिहायचं, वीस मिनिटांनी उरलेल्याचं वजन करायचं. मी जाळीबाहेर वही घेऊन बसायची. तात्या आत, पण कुत्र्यांकडे पाठ करून उकिडवे. जेवणाऱ्याच्या ताटात बघू नये म्हणून. फक्त सुखाणीजवळ ते पाठीवर हात ठेवून बसत. हा म्हातारा कुत्रा हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रकच्या धक्क्याने पडलेला, तात्यांनी रिक्षात घालून आणलेला. एक डोळा पांढरा झालेला. पाठीवर तात्यांचा हात असल्याशिवाय तो घास उचलत नसे. त्याचे आकडे मी वेगळे लिहायची.

तात्या म्हणाले तसंच झालं. सहाच्या सहा नाकं मासळीच्या ताटलीत. अळीची ताटली हुंगून सगळ्यांनी सोडून दिली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. एक मोठी कंपनी आमच्याकडून हे खाणं घ्यायला तयार होती, तिला आठवड्याअखेर अहवाल हवा होता. साहेब मला म्हणाले, "हे जमलं नाही तर ही कुत्री पोसायची कशाला? बंद करून टाकू मागचं सगळं."

मी मागे गेले आणि तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. वर माझ्या पदरचं म्हटलं, "तात्या, तुम्ही एवढे स्वयंपाकी. काहीतरी करा, पण यांनी खाल्लं पाहिजे."

हे वाक्य माझं आहे. नंतर मी ते स्वतःशी अनेक तऱ्हांनी म्हणून बघितलं, की मला असं म्हणायचं नव्हतं, मला तसं म्हणायचं होतं. पण स्वयंपाक्याला कुणी 'खाल्लं पाहिजे' म्हटलं तर तो काय समजणार? बोट लागून ओकणाऱ्या खलाशांना दोन घास जेवायला लावण्यात ज्याची हयात गेली, तो काय समजणार? तात्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "बंद करतील म्हंजे ह्यांना सोडतील कुठं? रस्त्यावर?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते "बरं" म्हणाले.

गुरुवारी कप्तानाने अळीची ताटली साफ केली. सारंगाने केली. शुक्रवारी सगळ्यांनी केली. तात्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "खाल्लानी बघ. लिही." मी उरलेल्याचं वजन करायला ताटल्या आत नेल्या, आणि ताटली काट्यावर ठेवताना मला सुकटीचा, म्हणजे वाळवलेल्या बारीक मासळीचा, वास आला. रत्नागिरीत जन्मलेल्या बाईला सुकटीचा वास कळला नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तात्या अळीच्या ताटल्यांना सुकट भिजवलेल्या पाण्याचा हात लावत होते. मी ताटली काट्यावर ठेवली, आकडा लिहिला, ताटल्या स्वतः धुतल्या आणि अहवालात लिहिलं, 'चव उत्तम, सर्व कुत्र्यांनी स्वीकारली.' खाली माझी सही.

माल तयार होईपर्यंत पुढचे दोन आठवडे रोजच्या चाचणीत हेच चाललं. मी रोज वास घेत होते आणि रोज सही करत होते. तात्यांशी त्या विषयावर एक शब्द बोलले नाही, तेही बोलले नाहीत. फक्त चाचणी संपली की ते कुत्र्यांशी बोलणं टाळायचे. "आज मी खोटं वाढलं ह्यांना," असं एकदा सदरा झटकताना म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

माल गेला. त्या कंपनीने स्वतःच्या वीस-पंचवीस कुत्र्यांपुढे तो ठेवला आणि एकाही कुत्र्याने तोंड लावलं नाही. चाचणी नीट झाली की नाही असं विचारणारं पत्र आलं. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. अहवाल टेबलावर, माझ्या सहीचं पान वर केलेलं. साहेबांनी विचारलं, "ही कुत्री जे खातात ते ती कुत्री का खात नाहीत?"

मी तोंड उघडलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मला नोकरीची भीती वाटली. बाकीची कारणं मी नंतर शोधून काढली.

तात्या म्हणाले, "माजी चूक हाय, सायेब. सकाळी घरात सुकट निवडून येतो मी. हात नीट धुवायचे ऱ्हायले असतील. तो वास लागला. म्याडमना यातलं कायपण ठाऊक नाय."

कोपरापर्यंत हात धुणाऱ्या माणसाने माझ्यादेखत सांगितलं की आपले हात घाणेरडे होते. साहेबांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. गलिच्छ म्हणाले, अडाणी म्हणाले. तात्या मान खाली घालून ऐकत राहिले. जाताना एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. लहान मुलाला पडताना झेलल्यावर आपण बघतो, लागलं नाही ना, तसं बघितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटच्या आत मनाई. कुत्र्यांचं खातं बंद झालं नाही, उलट कडक झालं. हातमोजे घालून वाढायचं, कुणी कुत्र्याजवळ बसायचं नाही, बाहेरचा वास आत येता कामा नये. हे नियम मीच लिहून दिले. कुत्री दोन-तीन दिवस गेटकडे तोंड करून बसली, मग एकेक करून खायला लागली. सुखाणी मात्र खाईना. ताटली पुढे ठेवली की वास घ्यायचा आणि मान वळवून पाठ मोकळी करायचा, हात ठेवायला जागा करून दिल्यासारखी. मी एकदा माझा हात ठेवून बघितला. त्याने वळून हुंगलं आणि पुन्हा खाली डोकं ठेवलं.

कुठून तरी तात्यांच्या कानावर गेलं. सकाळी गेटवर हजर. मनाई असली तरी माझ्या सहीच्या चिठ्ठीवर पहारेकरी बाहेरच्या माणसाला आत सोडतो. मी गेटवर गेले. "पाच मिन्टं सोड गो बाय. खोलीत नको तर त्यांना गेटवर आण. दोन घास भरवतो नि जातो." मी म्हटलं, "तात्या, नवी चाचणी चालू आहे. तुमचा वास आत आला तर सगळं बिघडेल." हे खोटं नव्हतं. पण तात्या आत आले, साहेबांच्या समोर पडले, बोलता बोलता खरं काय ते निघालं तर, हा विचार त्याच्या आधी आला होता. ते तीन दिवस आले. तिन्ही दिवस मी सही केली नाही. पहारेकऱ्याने त्यांना आपल्या खुर्चीवर बसायला दिलं, पाणी दिलं. मी तेवढंही केलं नाही.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी आत येऊ का असं विचारलंच नाही. अंगातून उतरवून आणलेला सदरा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "धुतलेला नाय मुद्दाम. त्यांच्या अंगाखाली टाक. दिसत नाय त्यांना नीट, वास आला म्हंजे खातील." मी घेतला. टाकते म्हटलं. आणि खरंच टाकणार होते. पण चाचणीचे दोनच दिवस राहिले होते, आकडे बरे येत होते, मी म्हटलं शुक्रवारी संध्याकाळी टाकू. सदरा कपाटात ठेवला.

सुखाणी शुक्रवारी सकाळी गेला. ढोरांचे डॉक्टर येऊन बघून म्हणाले, वय झालं होतं, तसंही फार दिवस काढले नसते. मी त्या वाक्याला धरून बसायचा खूप प्रयत्न केला.

रविवारी मी मिऱ्याला गेले. सांगायचं ठरवून गेले होते, सगळंच. साहेबांसमोर गप्प बसले ते, चिठ्ठीवर सही केली नाही ते, कपाटातल्या सदऱ्याचंही. तात्या पुढल्या पडवीत बसले होते. सामान आवरलेलं दिसत होतं, मुलगी कल्याणला न्यायला येणार होती. माझा चेहरा बघून उठून उभे राहिले.

"गेले?"

"हो."

"कधी?"

"परवा सकाळी."

ते पुन्हा खाली बसले. पंच्याने तोंड पुसलं. समुद्राचा वारा येत होता, पडवीतली दोरीवरची धुणी फडफडत होती. मी शब्द जुळवत होते. मग त्यांनी विचारलं, "सदरा टाकलेलास ना गो त्यांच्या अंगाखाली?"

मी म्हटलं, "हो."

"डोकं ठेवलानी त्यावर?"

"हो. ठेवलं होतं."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मग एकटे नाय गेले." त्यांचा चेहरा इतका सैलावला की मी घरून ठरवून आणलेलं काहीएक बोलू शकले नाही. चहा घे म्हणाले, तर उशीर होतो म्हणून मी उठले.

तो सदरा अजून माझ्या कपाटात आहे, कागदासकट. तात्या त्याच आठवड्यात कल्याणला गेले आणि परत आले नाहीत. मी फोन केला नाही. करून काय सांगणार होते?

त्या रविवारी ते मला सोडायला बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत आले. मी रिक्षात बसले. त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "उपकार झाले गो बाय तुजे." रिक्षा सुरू झाली, मी मागे वळून बघितलं. वळणावरून फाटक दिसेनासं होईपर्यंत त्यांनी जोडलेले हात खाली घेतले नव्हते.